गाडी आली नाही तर?

मे महिन्यातली दुपार होती. तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात आमच्या पुतणीचे बाळंतपण झाले होते आणि वाळत घातलेली दुपटी आणायला मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याची एक शेड होती. दाराला कडी होती, कुलूप नव्हते. आत पिवळ्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या. खालच्या दोन फुगून ताणल्या होत्या, त्यांची तोंडे बँडेजच्या पट्टीने बांधलेली होती आणि त्यांच्याखालून निघालेला तांबूस ओघळ गच्चीच्या पन्हाळीपर्यंत जाऊन वाळला होता. शेजारच्या लाल पिशवीत सलाईनचे सेट होते आणि त्या पिशवीच्या पोटातून एक सुई बाहेर आलेली दिसत होती. मागून आलेल्या सफाईच्या मावशींना विचारले, तर त्या ओशाळून म्हणाल्या, "तीन दिन व्हयनात भाऊ, गाडी उनी नही." गाडी म्हणजे दवाखान्यांचा कचरा नेणारी प्रक्रिया केंद्राची गाडी. खाली डॉक्टरांच्या केबिनबाहेर कोणता कचरा कोणत्या पिशवीत टाकायचा हे सांगणारा चार रंगांचा तक्ता लावलेला होता, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र चौकटीत होते, प्रक्रिया केंद्राशी केलेला करारही फायलीत असणारच. कागद सगळे होते. गाडी आली नाही तर काय करायचे, याचे उत्तर मात्र त्या इमारतीत कोणाकडेच नव्हते.

सरकारी ग्रामीण रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत माझी सगळी नोकरी गेली. रक्ताच्या बाटल्या, थुंकीच्या डब्या आणि वापरलेल्या सुया यांच्यातच मी वावरलो, म्हणून हे मी तिऱ्हाईत म्हणून लिहीत नाही. त्या रुग्णालयाचे डॉक्टर बेपर्वा आहेत, असेही मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की खान्देशात आपण नियमांची पूर्तता करतो आणि तिलाच नियोजन समजतो. पूर्तता कागदावर होते आणि ती मुंबईत, जळगावात किंवा सातपुड्यातल्या मोलगीत सारखीच दिसते. नियोजन मात्र त्या त्या जागेचे ऊन, अंतर, रस्ता आणि कचरा उचलणारे हात पाहूनच करावे लागते. तसे ते आपल्याकडे फारसे कोणी केलेले नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला देशातील पहिले जैववैद्यकीय कचरा नियम, म्हणजे दवाखान्यांतल्या कचऱ्याचे नियम, जाहीर झाले. जिल्हा आणि नियम एकाच वयाचे आहेत. पुढे २८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले, २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. हे नियम चांगले आहेत, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रक्तामांसाने माखलेला कापूस, बँडेज, शरीराचे अवयव आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत; नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा असे प्रक्रियेनंतर पुन्हा वापरात येऊ शकणारे प्लास्टिक लाल पिशवीत; सुया आणि पाती टोक आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात; काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. पिवळे जाळायचे, लाल वाफेने निर्जंतुक करून त्याचे तुकडे करायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दवाखान्यातून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो आणि उरलेला १५ टक्केच धोक्याचा असतो. पण हा १५ टक्के ज्या क्षणी त्या ८५ टक्क्यांत मिसळतो, त्या क्षणी सगळा ढीगच धोक्याचा होतो. प्लास्टिक पिवळ्या पिशवीत गेले तर भट्टीतून डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघण्याची भीती असते, आणि रक्ताळलेला कापूस लाल पिशवीत गेला तर तो थेट प्लास्टिक निवडणाऱ्याच्या हाती पोचतो. म्हणून वेगळे करण्याचे काम कचऱ्याच्या खोलीत होऊच शकत नाही. ते जिथे कचरा निर्माण होतो तिथे, त्याच हाताने आणि त्याच वेळी व्हावे लागते.

एक साधी गोष्ट सांगतो. इंजेक्शनच्या ट्रॉलीवर सुई कापण्याचे यंत्र ठेवलेले असेल, तर सिस्टर इंजेक्शन देते, हात न वळवता सुई कापते, सुई खालच्या डब्यात पडते आणि सिरिंज लाल बादलीत जाते. तेच यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून वीस पावलांवरच्या कपाटात ठेवले, की सुईला टोपण लावले जाते, ती ट्रेमध्ये पडते, ट्रे टेबलावर जातो, टेबल मावशी पुसतात. त्या वीस पावलांत तीन जणांची बोटे त्या सुईच्या वाटेत येतात. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर हिपॅटायटिस बी ही कावीळ होण्याची शक्यता शेकडा तीसपर्यंत असते, हिपॅटायटिस सी ची सुमारे दोन टक्के आणि एचआयव्हीची साधारण हजारात तीन असते. एचआयव्हीवरचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि खरे तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हावे लागते. सुई टोचली तर कोणाला सांगायचे, औषध रात्री कुठे मिळेल, नोंद कोण करील, हे ज्या दवाखान्यात लिहून ठेवलेले नाही, तिथे मावशी बोट नळाखाली धरतात, हळद लावतात आणि गप्प राहतात.

आता उन्हाचे पाहू. नियम म्हणतो की अवयव आणि रक्ताळलेला कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ठेवावाच लागला तर तो कोणाला अपाय करणार नाही याची तजवीज करावी आणि संबंधित अधिकाऱ्याला कारणासह कळवावे. ही मर्यादा साऱ्या देशाला एकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मात्र उष्ण प्रदेशांसाठी थंडीच्या दिवसांत ४८ तास आणि कडक उन्हाळ्यात २४ तास असा भेद केलेला आहे. ज्या जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे पत्र्याखाली ठेवलेल्या पिशवीचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत होळीपासून मृग लागेपर्यंत पिवळ्या पिशवीची मर्यादा २४ तास धरावी आणि गाड्यांच्या फेऱ्या त्या हिशोबाने ठरवाव्यात. जिथे रोज गाडी जाणे शक्यच नाही, तिथे बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात अवयवांसाठी एक छोटा, वेगळा, खूण केलेला डीप फ्रीझर असावा. आपल्याकडे घरी बाळंतपणे होत, तेव्हा सुईण बाळामागून पडणारी वार खोल खड्ड्यात पुरायला लावी आणि कुत्र्याने उकरू नये म्हणून वर जड दगड ठेवी. गच्चीवरच्या त्या फुगलेल्या पिशव्यांत वारच असणार, हे मला पाहताक्षणी कळले होते. त्या सुईणीला नियम ठाऊक नव्हते, पण पुढे काय होईल याचा विचार तिने केलेला असे.

कचऱ्याची खोली कुठे असावी, हा प्रश्न तर इमारत उभी राहण्याआधीच सुटायला हवा. ती तळमजल्यावर, उन्हाच्या उलट बाजूला असावी, तिला कुलूप, जाळी आणि वेगळ्या टाकीत जाणारी मोरी असावी आणि गाडी तिच्या दारापर्यंत यावी. आपल्याकडे दवाखान्याच्या नकाशात लिफ्ट असते, मेडिकल स्टोअर असते, कचरा मात्र इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत, म्हणजे जिन्याखाली नाहीतर गच्चीवर जातो. जिन्याखालचा कचरा रुग्णांच्या नातेवाइकांच्या वाटेत येतो आणि गच्चीवरचा उन्हात शिजतो. नगरपालिकेने रुग्णालयाचा नकाशा मंजूर करताना या खोलीची जागा पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये.

अंतराचा प्रश्न याहून कठीण आहे. अनेक दवाखान्यांचे मिळून असलेले सामायिक प्रक्रिया केंद्र ७५ किलोमीटरच्या आत असेल तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी लावू नये, असा नियम आहे आणि तो योग्य आहे, कारण गल्लोगल्ली भट्ट्या पेटल्या तर धुराचा हिशोब कोणी ठेवणार नाही. ७५ किलोमीटरच्या वर्तुळात १०,००० खाटा भरत नसतील, तर केंद्राचे क्षेत्र १५० किलोमीटरपर्यंत वाढवता येते. पण हे वर्तुळ नकाशावर कंपासने काढलेले असते. धुळे ते जळगाव हेच अंतर महामार्गाने ९० किलोमीटरच्या आसपास आहे. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या घाटरस्त्यांना तर किलोमीटरचे माप लागूच पडत नाही. श्रावणात दरड आली की रस्ता बंद होतो. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवर आरोग्यपथके बोटीने जातात, मग त्यांनी वापरलेल्या सुयाही बोटीनेच परत यायला हव्यात. त्या येतात की नाही, हे तपासण्याची व्यवस्था जिल्ह्याच्या आराखड्यात असली पाहिजे.

दूरच्या दवाखान्याकडे गाडी का चुकते, यामागे पैशाचेही कारण आहे. प्रक्रिया केंद्रे साधारणपणे खाटेमागे दर लावतात. दहा खाटांच्या रुग्णालयातून दिवसाला फार तर दोन-तीन किलो धोक्याचा कचरा निघतो. एवढ्यासाठी चाळीस किलोमीटर आडवाटेला जायचे आणि पैसे मात्र फेरी झाली तरी तेवढेच, न झाली तरी तेवढेच, मग चालक एक दिवस आड करतो आणि पुढे दोन दिवस आड करतो. वजनावर दर लावावा असे काहीजण सुचवतात. मला ते धोक्याचे वाटते, कारण मग दवाखानाच कचरा लपवू लागेल आणि रात्री मागच्या अंगणात काडी लावील. खाटेवरचाच दर ठेवून, चुकलेल्या प्रत्येक फेरीचे पैसे बिलातून वजा करण्याचे कलम करारात घालणे हाच मार्ग मला योग्य वाटतो. नियमांनुसार गाड्यांना जीपीएस आणि पिशव्यांना बारकोड बंधनकारक आहेच. सुट्टीच्या दिवशीही कचरा उचलण्याची जबाबदारी केंद्रावर आहे. गाडी कोणत्या दिवशी कुठे गेली नाही, हे यंत्राला ठाऊक असते. त्याची किंमत कोणी मोजायची, एवढेच करारात लिहायचे राहून गेले आहे.

आणि हे जमणारे आहे, याचा पुरावा आपल्याच डोळ्यांसमोर आहे. दर ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसींचा थंड डबा उपकेंद्रावर, तिथून अंगणवाडीत किंवा पाड्यावरच्या एखाद्या ओट्यावर जातो. एएनएम सिस्टर, म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका, लस टोचते, जागेवर सुई कापते आणि संध्याकाळी न वापरलेल्या लसींसोबत सुयांचा डबाही त्याच वाटेने आरोग्य केंद्रात परत येतो. ज्या वाटेने औषध जाते त्याच वाटेने कचरा परत येतो, हे इथे कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. मग गावातल्या खासगी दवाखान्याचा, रक्त तपासणाऱ्या छोट्या लॅबचा, दाताच्या डॉक्टरचा कचरा मधल्या मध्ये का अडकतो? कारण त्यांच्यासाठी परतीची वाट कोणी आखलेली नाही. एक-दोन किलो कचऱ्यासाठी त्यांच्या दारी मोठी गाडी येणार नाही, आणि परवानगीशिवाय दुचाकीवरून कोणी नेला तर तो नियमभंग ठरतो. प्रत्येक तालुक्यात एक लहान, मान्यताप्राप्त, झाकलेली गाडी ठरलेल्या वारी ठरलेल्या गावांतून फिरावी आणि तिने मोठ्या गाडीकडे कचरा सोपवावा, एवढी सोय केली तर आठवडी बाजाराच्या वाराप्रमाणे कचऱ्याचाही वार लोकांच्या अंगवळणी पडेल.

२०१६ च्या नियमांनी शिबिरांनाही कक्षेत आणले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रक्तदान, लसीकरण, शस्त्रक्रिया अशा कोणत्याही शिबिराचा कचरा हा शिबिर घेणाऱ्याचीच जबाबदारी असतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात याचे महत्त्व फार आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) निर्मूलन मोहिमेत देशभरातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा वस्त्या त्यात अग्रक्रमाने येतात. प्रत्येक तपासणीमागे बोटाला टोचलेली एक लॅन्सेट, म्हणजे रक्ताचा थेंब काढायची छोटी सुई, उरते. ती लहान असते, टोपणात दडते, मुलांना खेळण्यासारखी वाटते. शाळेच्या पडवीत दिवसाला दीडशे मुले तपासली, तर दीडशे लॅन्सेट मोजून परत आल्या पाहिजेत, आणि ही मोजणी अहवालातील तपासणीच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जनावरांच्या दवाखान्यांनाही हेच नियम लागू आहेत. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा जळगाव जिल्ह्यात गोठ्यागोठ्यात जाऊन लसी टोचल्या गेल्या. त्या वेळच्या सिरिंजा मी स्वतः एका गव्हाणीच्या कडेला, चाऱ्याच्या काडीकचऱ्यात पडलेल्या पाहिल्या आहेत.

भंगाराची भीती काल्पनिक नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात हिपॅटायटिस बी ची साथ पसरली आणि अनेकांचे बळी गेले. त्यामागे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणे होते, आणि अशा सिरिंजा धुऊन विकणारा बाजारही तेव्हा उघडकीस आला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. भंगाराच्या पोत्याला ती सरहद्द दिसत नाही. न कापलेली सिरिंज आणि न छेदलेली सलाईनची बाटली विकली जाऊ शकते, म्हणून ती विकली जाते. ती दवाखान्याच्या दाराबाहेर पडण्याआधीच निकामी करणे हाच खात्रीचा उपाय आहे.

गाडी पोचतच नाही अशा दुर्गम भागासाठी नियमांनी परवानगी घेऊन खोल पुरण्याची मुभा ठेवली आहे. खड्डा साधारण दोन मीटर खोल, निम्मा भरला की वर चुना आणि माती, प्रत्येक थरावर माती, वर जाळी, जवळ विहीर नको, पुराची किंवा वाहून जाण्याची जागा नको. या अटी वाचल्या की खान्देशातील जागा किती काळजीने निवडावी लागेल ते कळते. तापीकाठची काळी जमीन वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, तर सातपुड्याच्या उतारावरची माती पहिल्याच जोरदार पावसात खाली येते. खड्ड्याची जागा सरपंचांच्या सोयीने ठरवता येणार नाही; भूजलाची माहिती असणारा माणूस तिथे प्रत्यक्ष उभा राहिला पाहिजे.

छोटे डॉक्टर म्हणतात की हा खर्च आम्हाला झेपत नाही. मी त्यांचे म्हणणे टाळत नाही. तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच डॉक्टर असतो आणि तो दवाखाना बंद झाला तर नुकसान गावाचेच आहे. पण चांगले वर्गीकरण करणाऱ्या दवाखान्याचा धोक्याचा कचरा निम्म्याने कमी झाल्याचे मी पाहिले आहे, कारण चहाचे कप, केळीची साले आणि औषधांची खोकी पिवळ्या पिशवीत जाणे थांबते. गाडीचा, फ्रीझरचा आणि तालुक्याच्या फेरीचा भार एकट्या डॉक्टरवर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. तो जिल्ह्याने उचलावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या कामासाठी जिल्हा देखरेख समिती असावी, अशी तरतूद नियमांतच आहे, आणि जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात आरोग्यासाठी निधी असतो. या दोन समित्यांनी एकत्र बसून जिल्ह्याचा एक नकाशा करावा: कोणत्या गावात किती खाटा, रोज प्रत्यक्ष वजन किती, गाडीची फेरी कोणत्या वारी, रस्ता पावसाळ्यात किती दिवस बंद, पर्यायी साठवण कुठे. ३० किंवा त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयांत या कामासाठी समिती असावी लागते आणि सगळ्यांनाच दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालांत हे आकडे येतात, पण बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीचेच आकडे थोडेफार फिरवून भरले जातात, हे या क्षेत्रात काम केलेला माणूस मान्य करील. एक महिना रोज ताजव्यावर पिशवी ठेवून वजन लिहिले तरी खरे चित्र समोर येईल. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या जनऔषधवैद्यकशास्त्र (सार्वजनिक आरोग्य) विभागातील विद्यार्थ्यांना हे वजन करण्याचे काम प्रकल्प म्हणून देता येईल.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हातांची. आरोग्यसेवेत काम करणाऱ्या आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस द्यावी, रुजू होताना आणि मग दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, असे नियमांत स्पष्ट आहे. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. सफाईची माणसे मात्र ठेकेदारामार्फत येतात आणि ठेका बदलला की माणसेही बदलतात. त्या गच्चीवरच्या मावशींना मी काविळीच्या लशीबद्दल विचारले होते. "एक सुई टोची व्हती," त्या म्हणाल्या, "मंग ठेकेदार बदली गया." पहिल्या डोसची नोंद जुन्या ठेकेदाराच्या वहीत राहिली, दुसऱ्याचे नव्याला ठाऊक नाही आणि डॉक्टरांच्या लेखी त्या त्यांच्या कर्मचारीच नाहीत. लसीचे कार्ड ठेकेदाराच्या वहीत न ठेवता बाळाच्या लसीकरण कार्डाप्रमाणे त्या बाईच्या हातात द्यावे, तिसऱ्या डोसची जबाबदारी ती ज्या इमारतीत काम करते त्या रुग्णालयाची धरावी, आणि शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अधिकाऱ्याने भिंतीवरच्या चार रंगांच्या तक्त्याआधी ती कार्डे मागवून पाहावीत.